माझ्या हातानं लिहिलेला एकच पेपर

एक सोडला तर आजवर मी दिलेले सगळे पेपर दुसऱ्यांनी लिहिले. दहावीचे, बारावीचे, अकोल्याला बी.ए. केलं त्याचे आणि अमरावतीला एम.ए. केलं त्याचेही. अभ्यास माझा, उत्तरं माझी, जागरणं माझी, हात मात्र कुण्या तरी पोट्टीचा. तान्ही असताना तापात माझी नजर गेली, म्हणून परीक्षेत मी सांगायचं आणि शेजारी बसलेल्या लेखनिकानं लिहायचं, हा शिरस्ता. लेखनिक आपल्यापेक्षा खालच्या वर्गातला पाहिजे, असा नियम. त्याला उत्तर येत असेल तर तो मला सांगून टाकेल, ही भीती. बरं. पण ज्याला विषयाचा गंधही नाही त्याच्याकडून 'औद्योगिकीकरण' लिहून घेताना काय हाल होतात, ते नियम करणाऱ्यानं एकदा बसून पाहावं. आणि हा लेखनिक शोधायचा आपणच, बरं का. परीक्षा जवळ आली की बाकीची मुलं नोट्स शोधायची, मी माणूस शोधायचे.

बी.ए.ला अंजनगाव सुर्जीची एक पोट्टी लेखनिक होती. मनानं लाख चांगली. पेपर संपल्यावर मला रिक्षापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "ताई, तुमी लय लंबं लंबं सांगता. मी शॉर्टमंदी लिहिलं."

मी म्हटलं, "काय गाळलंस?"

"जास्त नाई, मधलं मधलं."

मधलं मधलं म्हणजे तेच, ज्याच्यासाठी मी महिनाभर डोकं फोडलं होतं. मी गावाकडची उदाहरणं द्यायचे, ती या मुलींना परीक्षेत शोभत नाहीत असं वाटायचं, मग त्या आपल्या मनानं पुस्तकी भाषेत सारवून टाकायच्या. मी चिडले की तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावाहून माय फोनवर मलाच झापायची. "फुकटात लिहून देऊन राह्यली ना ते पोट्टी? मंग कावून खेकसतं तिच्यावर?" मायचंही चुकत नव्हतं. उपकारकर्त्यावर खेकसायची सोय नाही, हीच तर उपकाराची खोड.

बी.ए. झालं, गुण चांगले पडले, आणि अकोल्यातल्या एका संस्थेत समुपदेशकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले. खोलीत तिघं होते. प्रश्न बरे होते, माझी उत्तरंही बरी गेली. मग त्यांच्यातला सगळ्यात गोड आवाजाचा माणूस म्हणाला, "गुण फारच छान आहेत तुमचे. पेपर लिहिले कोणी?"

"लेखनिकानं."

"हं. म्हणजे मग हे गुण..." वाक्य त्यानं तिथंच सोडलं. सभ्य माणसं वाक्य पूर्ण करत नाहीत. पूर्ण केलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

एसटीत खिडकीशी बसून तेल्हाऱ्यापर्यंत रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, मयत झालं काय वं कोणाचं? मी हो म्हटलं. खोटंही नव्हतं ते. इतकी वर्षं घासलेला अभ्यास माझाच आहे हे मला कुठंही, कशानंही सिद्ध करता येणार नव्हतं. त्या दिवशी एवढं एकच मनात घट्ट झालं, की एम.ए.चे पेपर मी माझ्या हातानं लिहीन. सगळे नाही तर एक तरी. एक तरी पेपर असा असेल की ज्याच्यावर बोट ठेवून म्हणता येईल, हे मी लिहिलंय, कानामात्रेसकट.

अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी समाजशास्त्राला प्रवेश घेतला तिथं 'दिव्यांग साहाय्य कक्ष' होता. अपंगांचे आम्ही दिव्यांग झालो, कॉलेजचे जिने होते तेवढेच राहिले. कक्षाचं उद्घाटन माझ्या डोळ्यादेखत, म्हणजे कानादेखत, झालं. आलेल्या पाहुण्यांनी माईकवर सांगितलं, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन!" टाळ्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. मला एकही मिळाला नव्हता, आणि मी डोळा मागितलाही नव्हता, मी संगणक मागितला होता. तो आला, पण आल्या आल्या त्याच्यावर प्लॅस्टिक चढलं आणि खोलीला कुलूप लागलं. कारण विचारलं तर म्हणे, समिती येणार आहे, तोवर खराब व्हायला नको. समिती आली तेव्हा मला तासाच्या मधून बोलावून नेलं, खुर्चीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि फोटो काढले. संगणक बंदच होता. मी म्हटलं, सर, चालू नाहीये. तर एक जण हळूच म्हणाला, "फोटोत कळत नाही ते."

पुढं समिती गेली आणि प्लॅस्टिक निघालं, ते संगणक विभागाच्या सरांमुळे. हौशी माणूस. ज्या कामाला कुणी हात लावत नाही त्याला हा आधी लावणार. त्यांनी पडदावाचक बसवून दिला, म्हणजे पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं, कुणाच्या बापाचं काही जात नाही. त्यात मराठी आवाज बसवला. मग मी मराठी कळफलक शिकले. डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांट्या, उजव्या हाताला अक्षरं. बटणांवर काय छापलंय याच्याशी मला कर्तव्यच नव्हतं, ते डोळेवाल्यांनी बघावं. मला बोटं पुरे होती. बोटांनी शिकायला सुरुवात केली तेव्हा एक ओळ लिहायला तास निघून जायचा. मग तासात पान व्हायला लागलं. एक दिवस मी एक आख्खं वाक्य लिहिलं आणि त्या यंत्रातल्या बाईनं आपल्या नाकातल्या आवाजात ते मला जसंच्या तसं वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. सारवलं नाही. मधलं मधलं सुद्धा सगळं होतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. आनंदानं रडतात ते काय असतं, ते तेव्हा कळलं.

आता परीक्षेत हा संगणक वापरायची परवानगी पाहिजे होती. नियमात ती आहे, कागदावर सगळं आहे. पण नियमात असणं वेगळं आणि मिळणं वेगळं. पहिल्या सत्रात अर्ज केला, तर म्हणे उशीर झाला. दुसऱ्या सत्रात वेळेत केला, तर म्हणे अजून असं कुणी मागितलेलं नाही. मी म्हटलं, मी मागून राहिले ना! पण खरा अडसर वेगळाच होता. नक्कल. आमच्याकडे परीक्षा म्हटलं की अभ्यासाच्या आधी नक्कल आठवते. संगणकात काय काय भरून ठेवलं असेल कुणाला ठाऊक? तिच्या कानात काय वाजतंय ते आम्हाला कसं कळणार? असे प्रश्न. परीक्षेचं काम बघणारे सर तसे भले होते. मला 'बेटा' म्हणायचे, खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे. परवानगी तेवढी देत नव्हते. शेवटी, शेवटच्या सत्रात, विद्यापीठाकडून होकार आणला त्यांनी. एकच पेपर, प्रयोग म्हणून. "हा नीट झाला तर पुढच्या मुलांचाही रस्ता मोकळा होईल बेटा. सगळ्यांचं लक्ष आहे तुझ्यावर." म्हणजे ओझं नुसतं माझं नाही, येणाऱ्या सगळ्या आंधळ्यांचं. माझी तयारी होती. मी म्हटलं, आणा तुमचं ओझं.

पेपर होता ग्रामीण समाजातल्या बदलांवर. मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

परीक्षेच्या दिवशी वेगळ्या खोलीत टेबल, खुर्ची, संगणक, सगळं मांडलेलं होतं. मी बसले, हेडफोन लावले, बोटं जागेवर ठेवली आणि पडदावाचक चालू करायची बटणं दाबली. शांत. पुन्हा दाबली. शांत. संगणकाचा पंखा फिरत होता, यंत्र चालू होतं, आणि आत कुणीच नव्हतं.

संगणकाचे सर तिथंच होते. उत्साहानं म्हणाले, "ताई, एकदम कोरा करून देला तुमचा संगणक. काल दिवसभर बसलो होतो. आत काई म्हंजे काईच नाई ठेवलं. आता कोण म्हणते नक्कल, म्हणून दाखवा!"

कोरा. नक्कल होऊ नये म्हणून त्या माणसानं सगळा संगणक धुऊन पुसून लख्ख केला होता. पडदावाचक गेला, मराठी आवाज गेला, आणि यंत्रात मुळातच जो साधा इंग्रजी वाचक असतो तोही बोलेना, कारण आवाजाची व्यवस्थाही त्याच पुसण्यात गेली होती. परीक्षावाल्यांनी 'संगणकात काही नको' असं सांगितलं आणि यांनी ते अक्षरशः पाळलं. माझ्यासाठी, माझ्या भल्यासाठी, दिवसभर बसून. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण माझं विघ्न तर वऱ्हाडी होऊन, अंगाला अत्तर लावून आलं होतं.

"सर, तो बोलत नाहीये. मला पडदावाचक लागतो ना!"

मग त्यांच्या लक्षात आलं. ते परत टाकायचं म्हणजे इंटरनेट लागणार, आणि परीक्षेच्या खोलीत इंटरनेट बंद. पेनड्राइव्ह आणायचा तर तो आत न्यायला बंदी. परीक्षेचे सर धावत आले, फोन झाले, वर कुणी उचलला नाही. इकडे पेपर वाटायची घंटा झाली. बाहेर बाकावर पहिल्या वर्षाची एक मुलगी लेखनिक म्हणून तयार ठेवलीच होती, अडीअडचणीला. परीक्षेचे सर म्हणाले, "बेटा, आजच्या दिवस तिला घे. आपण नंतर पाहू."

आपण नंतर पाहू. हे शब्द मी जन्मभर ऐकलेत. नंतर काही नसतं. मला ठाऊक होतं की हा पेपर हातचा गेला तर पुन्हा मिळणार नाही. आणि माझी बोटं तर शाबूत होती! आवाज कशासाठी लागतो? खात्रीसाठी. लिहितात बोटं. मी म्हटलं, "नाही सर. मी न ऐकता लिहिते. मला फक्त मराठी कळफलक लावून द्या."

संगणकाच्या सरांनी तो लावला. म्हणाले, "काई तरी टाइप करा ताई." मी केलं. त्यांनी वाचलं, "नमस्कार. बरोब्बर आलं!" त्यांच्या आवाजात जीव परत आला. मग परीक्षेचे सर म्हणाले, ही फाइल नको, बैठक क्रमांकाची नवी फाइल पाहिजे. संगणकाच्या सरांनी नवी फाइल उघडली, वर माझा बैठक क्रमांक टाकला, आणि दोघंही बाहेर गेले, कारण पर्यवेक्षकाशिवाय कुणी थांबायचं नाही असा नियम. पर्यवेक्षक म्हणून वाणिज्य विभागाच्या एक मॅडम होत्या. त्यांनी मला प्रश्नपत्रिका वाचून दाखवली, दोनदा, न कंटाळता. चांगल्या होत्या बिचाऱ्या.

आणि मी सुरू केलं.

त्या तीन तासांइतकं सुख मला आधी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही. आधी बिचकत होते, एकेक बटण मोजून दाबत होते. मग बोटं सुटली. शेजारी 'पुढे?' म्हणणारं कुणी नाही. थांबायचं तर मी थांबणार, खोडायचं तर मी खोडणार. पहिल्या उत्तराला मी आमच्या गावचं लग्न घेतलं. पूर्वी पंगतीला भावकीतली पोरं वाढायची. कुणी कुणाच्या पानावर किती आग्रह केला, कुणाला वाढताना हात आखडला, यावरून वर्षभराचं राजकारण ठरायचं. आता केटरर आला, उभ्यानं जेवण आलं, भांडण गेलं, त्याबरोबर विचारपूसही गेली. पुस्तकात नाही हे कुठं. हे मी माझ्या कानांनी गोळा केलेलं, आणि ते जसंच्या तसं लिहीत होते. मध्ये एकदा मनात शंका आली, म्हणून विचारलं, "मॅडम, उमटतंय ना?"

"हो हो. पान भरलं तुझं पहिलं. केवढा स्पीड आहे गं!"

मी फुलून गेले. आणखी जोरात लिहायला लागले. शेवटची घंटा व्हायच्या आत माझं सगळं लिहून झालं होतं. लेखनिकाबरोबर आजवर एकही पेपर पुरा झाला नव्हता. मॅडमनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "धन्य आहे बाई तुझी."

मग परीक्षेचे सर आले, संगणकाचे सर आले, पानं छापून काढली. छपाईच्या यंत्रातून एकेक गरम पान बाहेर येत होतं, मी त्यांवर हात ठेवत होते. आणि परीक्षेच्या सरांनी विचारलं, "हे काय आहे?"

मॅडम म्हणाल्या, "का? ब्रेल आहे ना सर. त्यांची लिपी."

मला काही कळेना. मी म्हटलं, "काय झालं? काय आलंय त्यावर?"

संगणकाच्या सरांनीच सांगितलं शेवटी. बैठक क्रमांक इंग्रजीत टाकायचा म्हणून त्यांनी कळफलक इंग्रजी केला होता आणि परत मराठी करायचा राहिला होता. मी तीन तास मराठी लिहीत होते आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, टिंबं उमटत होती. सगळी पानं तशीच. आणि मॅडम शेजारी बसून ते बघत होत्या. डोळे होते त्यांना, दोन्ही. पण आंधळ्या मुलीनं लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही यात त्यांना काही वावगंच वाटलं नाही. आमचं काही तरी वेगळंच असणार, असंच त्या धरून चालल्या. वर कौतुकही केलं. ब्रेल ही बोटानं वाचायची उठावाची टिंबं असतात, संगणकाच्या काचेवर कुठून येणार, हे एवढ्या शिकलेल्या बाईला कुणी कधी सांगितलंच नसेल. आमच्यावर दया करणारे पुष्कळ, आमच्याबद्दल चौकशी करणारा एक नाही.

मॅडम रडायला लागल्या. मलाच त्यांना पाणी द्या म्हणावं लागलं. माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मी भांडायला उभी राहिले. म्हटलं, "सर, पहिली ओळ वाचा. एकेक अक्षर सांगा, जसं आहे तसं."

परीक्षेचे सर वाचायला लागले. "मोठा ई. छोटा सी. अर्धविराम. डी. तिरपी रेघ. छोटा ई."

"आ. म. च. पाय मोडला. य. काना. आमच्या. पुढं?"

"आय, ई, बी, ई, एल."

"ग काना, व काना, त. गावात. आमच्या गावात. वाचा सर, आणखी वाचा. सगळा पेपर असाच निघेल. एका बटणाला एकच अक्षर आहे, यात गडबड नाही!"

त्यांनी आणखी दोन ओळी वाचल्या, मी त्यांतून लग्नाची पंगत काढून दाखवली. सर म्हणाले, "मला पटलं बेटा. हे तूच लिहिलंय, मराठीतच लिहिलंय. पण तपासणारा असं एकेक अक्षर कसं लावत बसेल?"

संगणकाचे सर घाईनं म्हणाले, "सर, मी बसतो ना. कळफलक मराठी करतो अन् हेच बटणं परत दाबतो. हुबेहूब निघते."

"कोणी दाबायची बटणं? हिची वेळ संपली. तुम्ही दाबली तर तुम्ही हिचे लेखनिक झाले, आणि तुम्ही तर शिक्षक. नियमात बसत नाही."

म्हणजे माझा पेपर माझा ठेवायचा तर तो कुणाला वाचता येणार नाही, आणि वाचता यावा असं वाटत असेल तर तो दुसऱ्याच्या हातानं लिहायचा. मी खाली बसले. एवढा वेळ आवरलेलं सगळं तिथं बाहेर आलं, आणि मी त्या तिघांसमोर हमसून हमसून रडले. लाज वाटली नाही. कशाची वाटायची?

परीक्षेच्या सरांनी ती पानं जशीच्या तशी वर पाठवली, सोबत आपल्या सहीनं घडलेलं सगळं लिहिलं. तेवढं त्यांनी केलं, नाही म्हणता येणार नाही. मी आशा धरून होते. आशा फार निलाजरी असते. वर कुणी तरी समजदार असेल, संगणकातलं कळणारा असेल, दोन ओळी लावून बघेल, हसेल, आणि म्हणेल, अरे हे तर मराठी आहे! असं मी रोज स्वतःला सांगायचे. बाकीचे पेपर लेखनिकाकडून उरकले, त्यांच्याकडे माझं लक्षही नव्हतं.

निकाल लागला. मैत्रिणीनं फोनवर वाचून दाखवला. बाकी सगळ्यांत गुण होते. त्या पेपरात 'गैरहजर' होतं.

मी तडक परीक्षेच्या सरांकडे गेले. काठी दाराला आपटली, तशीच आत शिरले. "सर, मी गैरहजर होते?"

त्यांनी खुर्ची दिली. मी बसले नाही. ते हळूहळू सांगायला लागले. उत्तरपत्रिका मान्य लिपीत नाही, म्हणून ती ग्राह्य नाही. ग्राह्य नाही म्हणजे आलीच नाही. आली नाही म्हणजे विद्यार्थी गैरहजर.

"पण मी होते ना तिथं?"

"होतीस."

"तुम्ही होते ना?"

"होतो बेटा."

"मग?"

त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला, आणि मग म्हणाले, "अजून एक. प्रयोग अयशस्वी झाला असं धरलंय त्यांनी. आता पुढच्या मुलांनाही संगणक नाही देता येणार. पुरवणीला तू लेखनिक घे. तू आधी मोकळी हो यातून." आपल्यामुळे पुढच्यांचं दार बंद झालं, हे ऐकून तरी मी काही बोलायला हवं होतं. मी काठी उचलली आणि बाहेर पडले. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, असं आमच्यावरच म्हणतात. इथं पीठ कुत्र्यानंही खाल्लं नाही, नुसतं उधळलं गेलं.

गावी गेले. मायला सगळं सांगितलं. तिला कळफलक, लिपी वगैरे समजलं नाही. ती शेंगा फोडत होती, फोडता फोडता म्हणाली, "जाऊ दे ना बाई. एवढं काय लिहिलं होतं वं त्याच्यात?" मी तिला पंगतीचं सांगितलं. वाढणारी पोरं, आग्रह, आखडलेला हात, सगळं, जसं लिहिलं होतं तसं. माय खदखदून हसली. "खरं हाय बापा. तुह्या मोठ्या मामाच्या लग्नात असंच झालं होतं, बुंदीवरून." मग तिचं हसणं थांबलं. शेंगा फोडायचाही आवाज थांबला. "अन् हे वाचलंच नाही त्याइनं?" म्हणाली.

"नाही."

"मंग गैरहजर ते होते ना बाई. तू कशाची?"

मायला हे कळलं. विद्यापीठाला कळवायची सोय नव्हती.

पुरवणी परीक्षा सहा महिन्यांनी झाली. लेखनिक मिळाली, अकोल्याकडची, बारावीतली. गोड बोलणारी, बांगड्या वाजवणारी. प्रश्नपत्रिका तिनं अडखळत वाचली आणि म्हणाली, "सांगा ताई. जरा हळू सांगा, माह्या स्पीड नाई तेवढा." मी सांगायला लागले. एक वाक्य झालं, दुसरं झालं. ती लिहीत होती, पेनाचा खरखर आवाज येत होता. तिसऱ्या वाक्यापाशी पेन थांबलं.

"ताई," ती कुजबुजली, "तुमचे बोटं कावून असे हालून राह्यले?"

मला माहीतच नव्हतं. टेबलाखाली, मांडीवर, माझी दहाही बोटं चालली होती. डावीकडे काने, मात्रा, वेलांट्या, उजवीकडे अक्षरं. मी तोंडानं सांगत होते तो शब्द न् शब्द बोटं माझ्या ओढणीवर लिहीत होती.

"काही नाही," मी म्हटलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून त्यांच्यावर बसले, आणि तिला पुढचं वाक्य सांगितलं.